बगिच्यातला उजेड

आश्विन लागला की आमच्या गावाला दोन वास येतात. दिवसा सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीच्या भुशाचा, आणि दिवस मावळला की सप्तपर्णीचा. कुटाराचा वास अंगाला चिकटतो, खाजवतो; सप्तपर्णीचा सरळ डोक्यात जातो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून सार्वजनिक बगिचा आहे, आणि त्याच्या कुंपणाशी ही झाडं आहेत. पावसाळाभर ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत. नवरात्र आलं की हिरवट-पांढऱ्या फुलांनी लदबदतात आणि सगळ्या ले-आउटचं, म्हणजे आमच्या वस्तीचं, डोकं दुखायला लागतं. मी या दिवसांत संध्याकाळी मागची खिडकी लावून घेते. शेजारच्या विचारतात, "वास सहन होत नाई वाटते तुम्हाले?" मी हो म्हणते.

वास मला सहन होतो. खिडकीतून बगिच्यातले दिवे दिसतात, ते होत नाहीत. दिवे चांगले आहेत. उंच, नव्या खांबांवरचे, पांढरेशुभ्र. त्यांच्या उजेडात म्हातारी माणसं फिरतात, पोरं बॅडमिंटन खेळतात, बाया बाकावर बसून मेथी निवडतात. इतका उजेड गावात दुसरीकडे कुठे नाही. हे दिवे लागावेत म्हणून माझी धाकटी जाऊ, लता, एक अख्खा हंगाम दारोदार फिरली होती. तिने ते लागलेले पाहिले नाहीत.

लता एसटीत कंडक्टर होती. माहेर हिंगणीकडचं, बोरच्या जंगलाला लागून असलेलं लहानसं खेडं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "आवाज जरा खाली घे व, इथं जंगल नाई." तिने आवाज खाली घेतला नाही. पुढे नोकरीत तोच तिच्या कामी आला. गच्च भरलेल्या गाडीत ती मागून ओरडली की दारातली माणसं मुकाट्याने आत सरकायची. माझे दीर विनोद भाऊजी तिच्या अगदी उलट. कृषी केंद्रात कामाला. दिवसभर बियाण्याच्या पिशव्या आणि फवारणीच्या औषधांचे खोके, आणि घरी आले की मौन. लता त्यांच्या वाटचंही बोलायची. आम्ही खाली, ते वर. चुली वेगळ्या, जिना एक. त्यांची एकुलती मिताली मात्र दोन्ही घरांत जेवायची आणि मला मोठी आई म्हणायची.

भुलाबाई हा आमच्या भागातला पोरीबाळींचा सण. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडायच्या, त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा करायचा आणि कोजागिरीपर्यंत संध्याकाळी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा हलवून, कानाशी लावून. लहानपणी मीही हे केलं होतं आणि विसरले होते. लता विसरली नव्हती. तिला सगळी गाणी पाठ होती, सासूला नावं ठेवणारी, नणदेची खोडी काढणारी, माहेरचा रस्ता विचारणारी. जिन्यावर बसून बूट काढतानाही ती गुणगुणायची. एका वर्षी तशीच बूट काढता काढता म्हणाली,

"ताई, यंदा बगिच्यात भुलाबाई मांडू."

"बगिच्यात? तिथं कोन येईन?"

"घरी तरी कोन येते? कोनाच्या घरी बसाले जागा नाई, कोनाच्या सासूले आवाज चालत नाई. बगिचा सगळ्यांचा आहे. चहासुद्धा कोनी कोनाले द्यायचा नाई."

अशी ती सुरू झाली. बगिच्यात एक सिमेंटचा ओटा होता, एक घसरगुंडी आणि एक कोरडं कारंजं. दिव्याचे जुने खांब होते. ते कधी पेटत होते हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे उन्हं कलली की मांडायचं आणि अंधार पडायच्या आत उचलायचं. यायच्या त्या दिवसभर घरी असणाऱ्या बाया. लता ड्युटीवर, मी शाळेत. दवाखान्यातल्या सिस्टर, दुकानात बसणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करणाऱ्या, यातली एकही त्या वेळेला मोकळी नसायची. लता म्हणायची, "दिवसाची भुलाबाई रिकाम्या बायांची, ताई. आपली दिवे लागल्यावर." तिचं सगळं मागणं या एका वाक्यात होतं. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बायकांना संध्याकाळी तासभर गाता यावं, एवढाच उजेड.

मग आमच्या स्वयंपाकघरातून भिंतीवरून एक वायर बगिच्यात गेली आणि तिच्या टोकाला एक बल्ब लागला. पुढच्या वर्षी बाया वाढल्या, म्हणून डेकोरेशनवाल्याकडून हॅलोजन आले आणि त्यांना पंपघराच्या जुन्या डब्यातून लाइट घेतली. एका संध्याकाळी गवतावर दव होतं. कुंदाताई घसरगुंडीच्या लोखंडी कठड्याला हात लावून चप्पल काढत होत्या, त्या एकदम मागे झाल्या. कुंदाताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आमच्या भुलाबाई मंडळाच्या अध्यक्ष, सगळ्यांच्या काकू. हात झटकत त्या म्हणाल्या, "बाप्पा! देवीनं चिमटा काढला मले." सगळ्या हसल्या. लता हसली नाही. तिने जाऊन वायर ओढून काढली आणि त्या दिवशीची उरलेली गाणी मोबाइलच्या उजेडात झाली.

त्यानंतरच्या साली पोळा झाला आणि ती कामाला लागली.

नगरपरिषदेच्या ऑफिसात ती मला सोबत घेऊन गेली. "मास्तरीन बाई असली की खुर्ची देतात," म्हणाली. खुर्ची खरंच दिली. तिथले इंजिनिअर भले माणूस होते. ते स्वतः बगिच्यात येऊन फिरले आणि काय काय लागेल ते त्यांनी सांगितलं. वेगळं मीटर, जमिनीखालून केबल, प्रत्येक खांबाला अर्थिंग, आणि कुठे करंट झिरपला तर आपोआप बंद पडणारं स्विच. लताने ते तिथल्या तिथे म्हणून दाखवलं, थांबे म्हणावेत तसं, ओळीने. पण इंजिनिअरच्या हातात पैसा नव्हता. ज्यांच्या हातात होता ते साहेब म्हणाले, "बगिचा आमचा आहे, उत्सव तुमचा. उत्सवाच्या लाइटसाठी आमच्याकडे निधी नसतो."

"मंग बगिच्याच्या लाइटसाठी द्या ना साहेब. आमी तिथंच बसू."

"बगिच्याचा यंदाचा निधी संपला."

"कायच्यावर?"

"कारंज्यावर."

बाहेर आल्यावर लता खूप हसली. कारंज्याला निळा रंग दिला होता, हे खरं होतं. पाणी त्यात आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मग ती वर्गणीला लागली. ड्युटी संपली की खाकी अंगावर असतानाच बाजारातून दुकानादुकानात थांबत घरी यायची. कापडवाल्याने मोठ्या प्रेमाने खण काढून पुढे ठेवला. "देवीले खण आहे, भाऊ," ती म्हणाली, "वायर पायजे." तो गोंधळला. साडीला, फुलांना, कोजागिरीच्या दुधाला, गाण्याच्या मोठ्या भोंग्याला लोक आनंदाने द्यायला तयार होते. वायरीला वर्गणी द्यावी असं कुणाला वाटत नव्हतं. पुण्य दिसत नाही तिच्यात. प्रश्न न विचारता दिलं ते डेपोतल्या लोकांनी, ड्रायव्हर-कंडक्टरांनी, वर्कशॉपवाल्यांनी. त्यांनी बहुतेक तिच्याकडे पाहून दिलं. असं करत अर्ध्या कामापुरते पैसे जमले. ओट्यापर्यंत केबल, अर्थिंग, ते स्विच आणि थोडे दिवे एवढं त्यात होणार होतं. लता म्हणाली, अर्धं तर अर्धं. पण काम करणारा ठेकेदार म्हणाला, आता सगळी माणसं दुर्गेच्या मांडवांवर आहेत, दिवाळीनंतर पाहू. पैसे मंडळाच्या खात्यात जाऊन पडले.

त्या दिवसांतलं मला काय काय आठवतं! शाळेत सहामाही परीक्षा चालू होती. वर्गात पंखा गरगरायचा आणि पेपरावर पोरांच्या मनगटाचा घाम उमटायचा. वर्ध्याच्या रस्त्याला शेतांत पहिली बोंडं फुटली होती. एका दुपारी मी स्टँडवर उभी होते, तर लताची गाडी आली आणि मागच्या दारातून आधी ज्वारीचे हिरवे धांडे बाहेर आले. माहेराहून आणले होते, मांडवासाठी. आतले प्रवासी एकेक धांडा खाली देत होते, एक म्हातारा ओरडत होता, "मोडू नोका रे, देवाचं आहे." आणि या सगळ्यांच्या मधोमध लता, केसांत ज्वारीचा कोंडा, तिकिटाचं मशीन छातीशी धरून, मला पाहून हसत होती. तिचे फोटो घरात पुष्कळ आहेत. मला ती आठवते ती अशी.

भाऊंचा माणूस आला तो त्याच आठवड्यात. भाऊ म्हणजे आमच्या गावचे पुढारी. नाव सांगायची गरज नाही, प्रत्येक गावात एक भाऊ असतातच. निवडणूक तोंडावर होती. माणूस म्हणाला, भाऊंच्या कानावर तुमचं काम गेलं आहे. बगिच्याच्या तोंडाशी ते मोठी कमान देतात, वरपासून खालपर्यंत लाइटिंग, गाण्याचा सेट, सगळं त्यांच्याकडून. कमानीवर फक्त भाऊंचा फोटो राहील.

लता म्हणाली, "भाऊले म्हना, कमान नोको. त्याच पैशात उरलेली वायर टाकून द्या. फोटो आमी ओट्यावर ठेवू."

तो माणूस मनापासून हसला. त्यात वाईटपणा नव्हता, म्हणूनच ते हसू माझ्या लक्षात राहिलं. "ताई," तो म्हणाला, "वायर जमिनीखाली जाते. ते कोनाले दिसन?"

ओट्यावर मंडळाची बैठक बसली. पोरी कमानीच्या नावानेच नाचत होत्या. कुंदाताईंनी लताला जवळ बसवलं. "पोरी खूश आहेत, लता. एक साल होऊ दे. वायर तं टाकूच आपन, पैसे आहेतच ना."

"काकू, अन् पाऊस आला तं?"

"आता कुठचा पाऊस? पाह्य ना आभाय कसं मोकळं आहे."

आभाळ खरंच मोकळं होतं. निळं, धुतल्यासारखं. हात वर झाले, लताचा आणि आणखी दोघीतिघींचा सोडून. ती चिडली नाही. घरी येताना मी म्हटलं, "तुले वाईट नाई वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं ना. पन आपलं ऐकलं नाई म्हनून आपन सन सोडाचा का? डेकोरेशनवाल्याले सांगतलं मी, वायरीचे जोड वर बांध, खाली लोंबू देऊ नोको." आणि दुसऱ्या दिवशीपासून खाऊचे डबे गोळा करायला लागली.

कमान आली. लोखंडी पाइपांची, निळ्या-जांभळ्या दिव्यांची, लाइट पुन्हा पंपघराच्याच डब्यातून, वर हात जोडलेले भाऊ. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. सात वाजले की दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या, भाजीवाल्या टोपल्या कुंपणाशी ठेवून यायच्या, शाळेतून पेपरांचा गठ्ठा घेऊन मी यायचे. लताला हवं होतं ते तसं पाहिलं तर घडलं होतं. इतक्या बाया एका आवाजात गाताना मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या, आणि त्यानंतरही नाही.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी पाऊस आला. परतीचा पाऊस असा अचानकच येतो, ढोल बडवल्यासारखा, आणि थोड्या वेळात निघूनही जातो. उरतात ती डबकी. संध्याकाळी पुन्हा लख्ख झालं, चंद्र वर आला, बाया जमल्या. मातीच्या मूर्ती प्लास्टिकखाली ठेवल्या होत्या, त्या नीट होत्या. लता ड्युटीवरून थेट बगिच्यात आली. मितालीने तिची साडी माझ्या घरी आणून ठेवली होती. "एक गाणं म्हनतो अन् मंग बदलतो," लता म्हणाली. बूट-मोजे काढून ओट्यावर चढली, एक गाणं झालं, दुसरं झालं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की कमानीवरची झेंडूची माळ सुटून लोंबते आहे. लता टिपऱ्या खाली ठेवून गेली. गाणं चालू होतं.

मी पाहत होते. ती कमानीच्या पायाशी उभी राहिली, एक हात वर केला, दुसऱ्याने पाइप धरला. मग तशीच उभी राहिली. ओरडली नाही. लांबून वाटलं, टेकून उभी आहे, दमली असेल, दिवसभराची ड्युटी. आम्ही पुढचं कडवं म्हटलं. तिची आवडती ओळ होती, म्हणून तिच्याकडे बघून म्हटलं. तिच्यासारखा आवाज असलेल्या बाईला शेवटी आवाज काढता आला नाही, आणि आम्ही गात राहिलो.

मिताली धावली. कुंदाताईंनी त्या वयात झेप घेऊन तिची वेणी पकडली आणि तिला मागे खेचलं. नाहीतर दोघी गेल्या असत्या. एक ड्रायव्हर रस्त्यावरून पळत आला, पंपघराकडे गेला, वायर उपटली. सगळे दिवे एकदम गेले. चांदणं इतकं स्वच्छ होतं की चिखलात पडलेली लता अगदी नीट दिसत होती. गावातल्या दवाखान्यात तिला तपासलं, तिथून वर्ध्याला नेलं. नेलं, कारण काहीतरी करत राहायला हवं होतं. गाडीत विनोद भाऊजी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि तळव्यांचा चिखल रुमालाने पुसत होते. वर्धा येईपर्यंत पुसत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कमान नव्हती. जमिनीत फक्त भोकं होती.

कमान कुणाची, हे अजून ठरलेलं नाही. केस चालू आहे. डेकोरेशनवाला म्हणतो, मला सांगितलं तिथे मी उभी केली. भाऊंकडचे म्हणतात, मंडळाने मागितली म्हणून दिली. ऑफिस म्हणतं, आमची परवानगीच नव्हती. पंपघराच्या डब्याला कुलूप का नव्हतं, याचं उत्तर ज्याच्याकडे होतं त्याची बदली झाली. भाऊ स्वतः भेटायला आले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, "लताताई आमची बहीणच होती," म्हणाले. साहेब आले. ठेकेदार आला. सगळ्यांनी डोळे पुसले आणि मला ते खोटे वाटले नाहीत. दुःख सगळ्यांना होतं. चहा घेऊन सगळे उठत होते. "फार वाईट झालं," असं प्रत्येक जण म्हणत होता, जणू ते आपोआप झालं होतं, पावसासारखं.

तेरवी झाल्यावर मंडळाच्या बाया वर्गणीचे पैसे घेऊन आल्या. मितालीच्या नावावर ठेवा म्हणाल्या. विनोद भाऊजींनी पाकिटाला हात लावला नाही. "हे वायरीचे आहेत, काकू," एवढंच म्हणाले. "तेच करा." कुंदाताई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या आता कोणत्याच मंडळात नाहीत. बाजारात भेटल्या तर माझा हात धरतात आणि सोडून निघून जातात.

निधी त्याच हिवाळ्यात आला. बायांचे पैसे त्यात लोकवर्गणी म्हणून धरले, बाकीचं कुठून कुठून निघालं. आधी न हलणारं सगळं कसं हललं कोण जाणे. बगिच्यात चर खणले जाऊ लागले. शाळेत जायला मी मुद्दाम त्या बाजूने वळायचे. मजूर नवरा-बायको गुडघाभर खोल चरात उतरून माती वर फेकत होते. काळ्या केबलची वेटोळी पडली होती. अर्थिंगसाठी खड्डे खणले, त्यांत तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ. मीठ! आमच्या घरात बरणीत असतं ते. मी कुंपणाला धरून उभी राहायचे आणि वाटायचं, एवढंच होतं? काहीतरी अवघड असेल, मोठं असेल, म्हणून होत नसेल, अशी मी इतके दिवस मनाची समजूत घालत होते. आठवडाभरात चर बुजले. त्यावर गवतही उगवलं.

पुढच्या भुलाबाईला दिव्यांचं उद्घाटन ठेवलं. बटण विनोद भाऊजींनी दाबावं असं ठरवून भाऊंचा माणूस निरोप घेऊन आला. मी म्हटलं, "भाऊजी, जाऊ नका." ते म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. लताचं काम आहे ते."

ऊन उतरत होतं. ओट्यावर खुर्च्या, टेबलावर बटणाची पेटी, तिला लाल फीत. भाऊ बोलले, बगिच्याला लताताईंचं नाव देऊ म्हणाले. साहेब बोलले. ते जुने इंजिनिअर मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मग विनोद भाऊजींचं नाव पुकारलं. ते उठले, पण टेबलाकडे गेले नाहीत. ओट्यावरून खाली उतरले. गवताला नुकतंच पाणी दिलेलं होतं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, ओल्या गवतातून चालत सगळ्यात जवळच्या खांबापाशी गेले आणि त्यावर उजव्या हाताचा पंजा ठेवला.

"करा आता चालू," ते म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं. मिताली माझ्या शेजारी होती; तिची बोटं माझ्या दंडात रुतली. साहेब घाईने म्हणाले, "अहो, असं काय करता? सगळं नवीन आहे. तपासून घेतलेलं आहे. काहीही धोका नाही."

"मले माहीत आहे, साहेब. म्हनूनच म्हनतो. करा."

भाऊंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ठेकेदाराकडे. ठेकेदार पेटीच्या अगदी जवळ उभा होता. त्याने हात मागे बांधले. इंजिनिअर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. त्या बगिच्यात तेव्हा काही शे माणसं असतील, पण कुठे टिपरीचाही आवाज नव्हता. विनोद भाऊजी वाट पाहत होते. रागाने नाही. गाडीची वाट पाहावी तसे, एका जागी, शांत. शेवटी भाऊ हात जोडून म्हणाले, "चला, आधी चहा घेऊन घेऊ," आणि माणसं हलली. माझे यजमान गेले, भावाचा हात खांबावरून अलगद सोडवला आणि त्यांना घरी घेऊन आले.

दिवे लागले ते सगळे पांगल्यावर. आम्ही जेवायला बसत होतो. मागच्या खिडकीतून एकदम पांढरा उजेड आत आला, ताटं, वाट्या, मितालीचा चेहरा, सगळं लख्ख दिसू लागलं. विनोद भाऊजींनी मान वळवून पाहिलं.

"लागले," ते म्हणाले. मग घास तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "मले मरायचं नव्हतं, वहिनी. काई होनार नाई हे मले बी माहीत होतं. एवढ्या मानसांतून एकानं जरी बटन दाबलं असतं, तं मी मानलं असतं, की आता झालं काम."

उत्तर दिलं ते मितालीने. आई गेल्यापासून ती बापाशी कामापुरतंच बोलायची. आवाज लताचाच, वरच्या पट्टीतला.

"अन् काही झालं असतं तर, बाबा? एकानं दाबलं असतं अन् काही झालं असतं तर? माझं काय केलं असतं तुम्ही?"

विनोद भाऊजींनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "चुकलं माह्यं."

लता गेली तेव्हापासून आमच्या घरात कितीतरी लोक येऊन बसून गेले होते. हा शब्द तिथे पहिल्यांदाच कुणी उच्चारला होता, आणि तो विनोद भाऊजींनी.